बळ वाढविलेली मोटार आणि तिचा धूर



मोटारीचे बळ कसे वाढवावे, ह्याची चर्चा आजकाल नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर जितक्या उत्साहाने ऐकू येते, तितक्या उत्साहाने तिचा धूर कसा शुद्ध करावा, ह्याची चर्चा कोठेही ऐकू येत नाही. हे स्वाभाविकच आहे. मोटारीचे बळ चालविणाऱ्याच्या पाठीला जाणवते. तिचा धूर मागून येणाऱ्याच्या नाकात जातो. ज्याला सुख मिळते त्याला दुःख दिसत नाही, आणि ज्याला दुःख होते त्याला गाडीचा नंबर वाचण्याइतकीही सवड मिळत नाही. ह्या दोघांच्या मध्ये गाडीच्या पोटाखाली एक पोलादी डबा उभा असतो. शास्त्रीय मराठीत त्याला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतात. कारखान्यात आणि गॅरेजात त्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा नुसते ‘कॅट’. मी आज त्याला परिवर्तक एवढेच म्हणेन.

टर्बो बसविलेल्या मोटारीचे बळ मालकाने मुळापेक्षा वाढविले, म्हणजे ह्या परिवर्तकाचे काय करावे, हा आजचा प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे प्रचारात आहेत. तो काढून टाकावा, हे पहिले. आहे तसाच राहू द्यावा, हे दुसरे. आणि वाढलेल्या बळाला पेलेल असा मोठा व अधिक समर्थ परिवर्तक त्याच्या जागी बसवावा, हे तिसरे. पहिले उत्तर स्वस्त आहे, दुसरे सोयीचे आहे, तिसरे खर्चाचे आहे. ह्या तिहींत विचारास टिकणारे कोणते, आणि ते कोठवर टिकते, हे आपण पाहू.

हा विषय नाशिककरांना परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या सातपुरास महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. २०१९ साली बाजारात आलेली एक्सयूव्ही ३०० आणि २०२० साली आलेली नवी थार ह्या टर्बो एंजिनाच्या गाड्या त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. बॉश कंपनीचा एंजिनात इंधन फवारणाऱ्या यंत्रांचा कारखानाही सातपुरातच आहे. विमानांची बांधणी ओझरला होते. शिवाय महाराष्ट्र रॅलीच्या निमित्ताने आपल्या शहराभोवतीच्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यतीही झालेल्या आहेत. ज्या गावात यंत्रे घडतात त्या गावातील तरुणांस यंत्रांशी खेळावेसे वाटले, तर त्यांत नवल ते काय? ह्या हौसेला नाक मुरडण्यासाठी मी आलेलो नाही. उत्तम एंजिन समजून घेण्याची इच्छा ही चांगलीच इच्छा आहे. ती अर्ध्यावर थांबू नये, एवढेच माझे मागणे आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर निघून जाते. ही वाया जाणारी शक्ती कामास लावण्याची युक्ती आल्फ्रेड ब्युखी ह्या स्विस एंजिनियराने १९०५ साली पेटंटाने नोंदविली. धुराच्या वाटेवर एक लहान चक्र ठेवावयाचे; धुराच्या वेगाने ते गरगर फिरते; त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास दुसरे चक्र असते, आणि ते बाहेरची हवा दाबून एंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक. पेट्रोल अधिक, म्हणून बळ अधिक. अशा रीतीने १.२ लिटरच्या लहानशा एंजिनातून ११० अश्वशक्ती सहज मिळू लागली. हौशी मंडळी एंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून हवेचा दाब आणखी चढवितात, आणि त्याच एंजिनाकडून १४० अश्वशक्ती मागतात. गॅरेजच्या भाषेत ह्याला रीमॅप म्हणतात.

आता परिवर्तकाकडे वळू. त्या पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखा, असंख्य बारीक चौकोनी नळ्यांचा एक ठोकळा असतो. साधारणतः एका चौरस इंचात अशा चारशे नळ्या मावतात. ठोकळा चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा किंवा पातळ पोलादी पत्र्याचा असतो. नळ्यांच्या आतील अंगास ॲल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. एका गाडीत ह्या धातूंचे वजन थोडक्या ग्रॅमांचेच भरते; परंतु लेपाची सच्छिद्रता एवढी विलक्षण, की त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरांच्याही वर जातो. धूर ह्या नळ्यांतून जात असता त्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. अर्धवट जळालेल्या पेट्रोलाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. तिन्ही कामे एकाच वेळी होतात, म्हणून त्याला त्रिमार्गी परिवर्तक म्हणतात. जो पदार्थ स्वतः न खर्चता रासायनिक क्रिया घडवून आणतो, त्याच्या ह्या गुणाला बर्झेलियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८३५ साली ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. लग्न जुळवून स्वतः मात्र मांडवाबाहेर राहणाऱ्या मध्यस्थासारखाच हा प्रकार होय.

मोटारीच्या धुरासाठी ह्या गुणाचा उपयोग करण्याचा मोठा उद्योग युजीन हूद्री ह्या फ्रेंच एंजिनियराने अमेरिकेत १९५० च्या सुमारास आरंभिला. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारे धूरमिश्रित धुके त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याचा परिवर्तक यशस्वी झाला, पण चालला नाही. कारण त्या काळच्या पेट्रोलात शिसे मिसळीत, आणि शिशाचा थर चढला की उत्प्रेरक निकामी होतो. पेट्रोल शुद्ध झाल्यावाचून धूर शुद्ध होणे शक्य नव्हते. अमेरिकेत १९७५ पासूनच्या नव्या गाड्यांत परिवर्तक आले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांस तो सक्तीचा झाला. त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलाचे पंप निघाले. आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून सर्व देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. पुढे १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा हे मान लागू झाले, तेव्हा इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आले. म्हणजे ज्या डब्याला गॅरेजातील पोरगा ‘निव्वळ अडथळा’ म्हणून करवतीने कापून काढतो, त्याच्यासाठी एका देशाने आपल्या सर्व तेलशुद्धी कारखान्यांची रीत बदलली आहे.

परिवर्तकाची प्रकृती मात्र नाजूक आहे, आणि टर्बोशी तिचे सहजासहजी जमत नाही. त्याला काम करण्यासाठी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्याखाली तो झोपलेला असतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे जो धूर बाहेर पडतो, तो म्हणूनच सर्वांत अशुद्ध असतो. टर्बोचे चक्र व त्याचे जड लोखंडी घर धुरातील उष्णता आधीच शोषून घेतात. त्यामुळे पलीकडील परिवर्तक उशिरा जागा होतो. उलट, कसाऱ्याच्या घाटात पेडल तळापर्यंत दाबून गाडी चढविली, म्हणजे टर्बोपाशी धुराची उष्णता ९०० अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि असा ताप पुष्कळ वेळ राहिल्यास लेपातील धातूंचे कण एकमेकांस चिकटून त्यांचा कार्यकारी पृष्ठभाग कमी होतो. थंडीत झोप आणि उन्हात मूर्च्छा, अशी ही अवस्था आहे.

ह्याहून नाजूक गोष्ट मिश्रणाची. पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास काहीशी कमी. मिश्रण ह्या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच तिन्ही विषांचा बंदोबस्त एकदम होतो. हे प्रमाण क्षणोक्षणी राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन ओळखणारा संवेदक असतो. बॉश कंपनीने तयार केलेला असा संवेदक १९७६ साली व्होल्वो मोटारीत प्रथम बसविण्यात आला. बळ वाढविताना मात्र पुष्कळ मिस्त्री पेट्रोल जादा सोडतात. कारण जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता घेते, आणि एंजिन व टर्बो थंड राखण्यास मदत करते. त्या वेळी धुरात ऑक्सिजन उरत नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर जगातला महागात महाग परिवर्तकही कार्बन मोनॉक्साइड जाळू शकत नाही. माझ्या आजच्या सर्व बोलण्यातले एकच वाक्य ध्यानात ठेवावयाचे असेल, तर ते हे ठेवा: परिवर्तक चांगल्या एंजिनाचा धूर शुद्ध करतो, बिघडलेल्या एंजिनाचे पाप धूत नाही.

आता पहिल्या उत्तराचा, म्हणजे परिवर्तक काढून टाकण्याचा, विचार करू. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की तो धुराची वाट अडवितो. ह्यात तथ्य आहे. टर्बोचे चक्र फिरते ते त्याच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरकावर. पलीकडचा दाब कमी झाला की चक्र लवकर वेग घेते. परंतु कारखान्यातून आलेल्या गाडीचा संगणक हवेचा दाब स्वतःच ठरलेल्या मर्यादेत राखतो. त्यामुळे नुसता डबा कापल्याने आवाज जेवढा वाढतो तेवढे बळ वाढत नाही. वाढीचा मुख्य भाग संगणकातील बदललेल्या आज्ञांतून येतो, आणि त्याचे श्रेय मात्र मोकळ्या नळीला मिळते. पुष्कळदा तर गाडीला दम नसतो तो जुन्या स्पार्क प्लगमुळे किंवा इग्निशन कॉइलमुळे. ठिणगी चुकली की न जळालेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तेथे पेटते, ठोकळा वितळतो, वाट बुजते. मग परिवर्तक काढतात आणि प्लग तसाच ठेवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण सोमेश्वरच्या शेजारी राहणाऱ्या आपण तरी विसरू नये.

दुसरे उत्तर, आहे तेच राहू द्यावे, हे निरुपद्रवी दिसते. पण बळ खरोखरच वाढविले असेल तर ते पुरे पडत नाही. ११० अश्वशक्तींच्या जागी १४० मागितल्या, म्हणजे धुराचे प्रमाण सुमारे सव्वापट झाले. प्रत्येक कणास त्या नळ्यांत थांबावयास मिळणारा वेळ त्या मानाने घटला; नळीच्या वळणांतील व जोडांतील दाब तर जवळजवळ वेगाच्या वर्गाने, म्हणजे दीडपटींहून अधिक वाढला; आणि उष्णता वाढली ती निराळीच. मूळ परिवर्तक ह्यासाठी मोजलेला नव्हता. चार माणसांच्या स्वयंपाकाच्या पातेल्यात सहा माणसांची आमटी उतू जाते, त्यात पातेल्याचा दोष नाही.

म्हणून तिसरे उत्तर. शर्यतीची म्हणून वेगळी काढलेली आणि सार्वजनिक रस्त्यावर न चालविली जाणारी गाडी समोर ठेवून मी ते सांगतो. रस्त्यावरच्या गाडीचा कायदा निराळा आहे, त्याकडे नंतर येतो. मोठा परिवर्तक निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट आकाराची. ठोकळ्याचा व्यास चार इंचांवरून पाच इंचांवर नेला, तर तोंडाचे क्षेत्रफळ दीडपटींहून अधिक होते. नळ्यांतील धुराचा वेग त्या मानाने कमी होतो, आणि अरुंद नळ्यांतील प्रवाहाचा अडथळा वेगाबरोबर घटत असल्यामुळे वाट मोकळी होते. मात्र नळीपासून ठोकळ्यापर्यंतचे नरसाळे हळूहळू रुंदावत गेले पाहिजे. एकदम रुंदावले तर धूर मधल्याच भागातून जातो, आणि कडेच्या नळ्या पैसे देऊन विकत घेतलेल्या असूनही रिकाम्या राहतात.

दुसरी गोष्ट नळ्यांच्या संख्येची. हौशी मंडळींत चौरस इंचास दोनशे नळ्यांचे पोलादी ठोकळे प्रिय आहेत. पत्रा पातळ, म्हणून वाट मोकळी; धक्का व ताप सोसण्याची शक्तीही चांगली. पण नळ्या कमी म्हणजे पृष्ठभाग कमी, आणि पृष्ठभाग कमी म्हणजे शुद्धी कमी. लांबी वाढवून किंवा मौल्यवान धातूंचे प्रमाण वाढवून ही उणीव भरून काढावी लागते. बाजारात चकचकीत डबा स्वस्तात मिळत असेल, तर त्यात ह्या धातूंपैकी किती आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा. कारण २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहूनही वर गेला होता. महाराष्ट्रात आणि गुजरातेत गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाण्याच्या बातम्या येत, त्यांचे मूळ ह्या भावात होते. चोराला जे कळते ते गिऱ्हाइकाला कळू नये, हे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट जागेची. परिवर्तक टर्बोच्या जितका जवळ, तितका तो लवकर जागा होतो. जितका दूर, तितका तापापासून सुरक्षित राहतो. मूळ रचनेत तो टर्बोला लागूनच असतो, ह्याचे कारण सकाळची ती पहिली मिनिटे होत. सोयीसाठी तो गाडीच्या मध्यभागी सरकविणे म्हणजे त्या मिनिटांचे प्रमाण वाढविणे होय. शिवाय खाली तापलेला डबा आणि वर अस्तर नसलेला पत्रा अशी मांडणी केली, तर उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर उभी केलेली गाडी पेट घेऊ शकते. कारखान्याने बसविलेली उष्णतारोधक आवरणे अडगळ म्हणून फेकू नयेत.

चौथी गोष्ट संवेदकांची आणि मिश्रणाची. परिवर्तकाच्या अलीकडे एक व पलीकडे एक, असे दोन संवेदक असतात. अलीकडचा मिश्रण सांभाळतो. पलीकडचा परिवर्तकावर पहारा करतो. परिवर्तक निरोगी असेल तर मागच्या संवेदकाची खूण स्थिर राहते. तो थकला की ती पुढच्या संवेदकाची नक्कल करू लागते, आणि चालकापुढील पिवळा दिवा लागतो. तपासणीच्या यंत्रावर बहुधा पी ०४२० असा संकेत दिसतो. हा दिवा विझविण्यासाठी मागचा संवेदक लांब नळीवर चढवून ठेवण्याची, किंवा संगणकाला त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकविण्याची विद्या सर्वत्र पसरली आहे. ताप उतरविण्यासाठी थर्मामीटर फोडण्यासारखीच ही विद्या आहे. त्याचप्रमाणे पेडल सोडल्यावर फटाक्यांसारखे आवाज यावेत म्हणून मुद्दाम पेट्रोल नळीत पेटविणाऱ्या आज्ञा संगणकात भरतात. त्या फटाक्यांतील प्रत्येक आवाज परिवर्तकाच्या पोटात होतो. परिवर्तक मोठा बसवूनही हे आवाज ठेवले, तर घर बांधून दाराशी होळी पेटविल्यासारखे होईल.

शर्यतीचा षोक नसलेल्या कुटुंबांनाही ह्यातून घेण्यासारखे काही आहे. गाडीच्या धुरास कुजक्या अंड्यांचा वास येत असेल, तर पेट्रोल जादा जात असण्याचा संभव आहे. निळसर धूर येत असेल, तर तेल जळत आहे, आणि तेलातील फॉस्फरस परिवर्तकास हळूहळू निकामी करतो. पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर ठिणगी चुकते आहे. अशा वेळी गाडी दामटू नये. बॅटरी उतरली म्हणून गाडी वारंवार ढकलून सुरू करणे हीदेखील परिवर्तकास घातक सवय आहे. न जळालेले पेट्रोल त्याच्यात साठते आणि मागाहून पेटते. गाडीखाली डबा हलवून खुळखुळ आवाज आला, तर आतील ठोकळा फुटला असे समजावे.

आता कायद्याचा भाग. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील ह्यांत अंतर पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मालकास माझा सल्ला स्पष्ट आहे. परिवर्तक थकला असेल तर उत्पादकाचा, त्याच गाडीसाठी मान्य झालेला नवा परिवर्तक घ्यावा. बळ वाढविलेले असेल तर संगणकातील मूळ आज्ञा परत आणाव्यात. ज्यांनी मूळ परिवर्तक काढून ठेवला असेल त्यांनी तो भंगारात विकू नये. परतीची वाट त्याच्यातूनच आहे. आणि ज्याला खरोखरच वेगाचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने वेगळी गाडी, बंदिस्त मार्ग आणि ती तेथवर नेणारा ट्रक, असा हिशेब मनाशी मांडावा. हा हिशेब महाग पडतो, हे खरे. पण आज तो स्वस्त वाटतो, ह्याचे कारण त्यातील एक मोठी रक्कम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खात्यावर पडते.

कोणी म्हणेल, आमच्याजवळ पीयूसीचा दाखला आहे. ह्या दाखल्याची किंमत समजून घेणे अगत्याचे आहे. पेट्रोल गाडीची ती तपासणी गाडी उभी असताना, एंजिनावर कसलाही भार नसताना होते. तीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजीत नाहीत. ती ऑक्साइडे तयार होतात ती भाराखाली, घाट चढताना, पेडल दाबताना, म्हणजे नेमकी त्या क्षणी, ज्यासाठी बळ वाढविलेले असते. पुण्याच्या एआरएआय ह्या संशोधन संस्थेत नव्या नमुन्याची गाडी रुळांवर चालवून जशी तपासतात, तशी तपासणी आपल्या चौकातील पीयूसी केंद्रात होणे शक्य नाही. म्हणून दाखला मिळाला एवढ्याने प्रश्न सुटत नाही. यंत्र जेथे पाहत नाही, तेथे काय करावे हे माणसाला स्वतःच ठरवावे लागते.

आणि ठरविताना समोर काय असावे? कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनास ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. द्वारका चौकात सिग्नलपाशी दुचाकीवर आईच्या पुढे उभे असलेले मूल ज्या उंचीवर श्वास घेते, त्या उंचीपासून मोटारीची धुराची नळी फार दूर नसते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलाची वाफ ह्यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. हा ओझोन फुप्फुसांना तर अपायकारक आहेच. परंतु द्राक्षांच्या आपल्या जिल्ह्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दक्षिण कॅलिफोर्नियात द्राक्षवेलींच्या पानांवर बारीक काळपट ठिपके पडत. ते ठिपके ओझोनमुळे पडतात, असे तेथील संशोधकांनी १९५८ साली दाखवून दिले. शहराचा धूर शहरातच राहतो, असे नाही. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत नव्हती त्यांच्या यादीत नाशिकचेही नाव होते. त्या यादीचे मुख्य कारण हवेतील सूक्ष्म धूळ होय, आणि त्या धुळीवर परिवर्तक हा उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण जी हवा आधीच भारावलेली आहे, तिच्यावर हौसेखातर आणखी भार घालण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

आपल्या शहराची एक जुनी ख्याती आहे: लोक लांबून येथे येतात ते शुद्ध होण्यासाठी. अशा ठिकाणी यंत्राच्या कौशल्याचे मोजमापही थोडे निराळे असावे. दाब वाढवून बळ मिळविणे हे आज संगणक बाळगणाऱ्या कोणाही होतकरू मिस्त्र्यास जमते. वाढलेले बळ आणि स्वच्छ धूर ह्या दोन्ही गोष्टी एकाच एंजिनातून काढून दाखविणे, हे मात्र गणिताचे, रसायनाचे आणि चिकाटीचे काम आहे. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांतून काम शिकलेल्या, महाविद्यालयांतून यंत्रशास्त्र अभ्यासणाऱ्या नाशिकच्या तरुणांनी दुसरी परीक्षा द्यावी. तेथे आवाज कमी होईल, खर्च अधिक होईल आणि वेळही लागेल. परंतु त्या परीक्षेत जो उत्तीर्ण होईल, त्याच्या गाडीमागून जाणाऱ्या माणसाला नाकावर रुमाल धरावा लागणार नाही; आणि ज्याच्या मागून लोक निर्धास्त श्वास घेत जातात, त्याचे पुढे जाणे कोणालाही खटकत नाही.